पुणे सार्वजनिक सभा : मुखत्यारपत्रापासून फुटीपर्यंत (१८७०–१८९७)

२ एप्रिल १८७० रोजी पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली, तेव्हा तिच्यापुढे आलेला पहिला प्रश्न एका देवस्थानाच्या कारभाराचा होता. पर्वती संस्थान हे पेशवाईपासून चालत आलेले देवस्थान. १८६३ च्या कायद्यान्वये सरकारने धार्मिक संस्थांच्या प्रत्यक्ष व्यवस्थेतून अंग काढून घेतल्यावर अशा देवस्थानांचा कारभार पंचांकडे गेला आणि पर्वतीच्या पंचांविषयी शहरात कुरबुर सुरू झाली. तक्रार पुष्कळांची होती, पण ती मांडायची कोणी, हा पेच होता. कारण कोणीही एक गृहस्थ पुढे झाला की, आपण कोणाच्या वतीने बोलता, असे त्याला विचारले जाणार हे उघड होते. गणेश वासुदेव जोशी या साताऱ्याच्या वकिलाने, ज्यांना पुढे सारे पुणे ‘सार्वजनिक काका’ म्हणू लागले, या प्रश्नाला वकिलालाच सुचेल असे उत्तर काढले. बोलणाऱ्याने आधी ज्यांच्या वतीने बोलायचे त्यांच्या सह्या आणाव्यात, असे ते उत्तर होते.

मुखत्यारपत्र म्हणजे एकाने दुसऱ्याला आपल्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार देणारा लेखी दस्तऐवज. जमिनीच्या, वारशाच्या, देण्याघेण्याच्या कामांत तो कचेरीत रोज वापरला जात असे. सभेने हाच दस्तऐवज सार्वजनिक कामासाठी वापरला आणि असा नियम केला की, किमान पन्नास सज्ञान माणसांनी ज्याला मुखत्यारपत्र दिले असेल त्यालाच सभासद होता येईल. आरंभीच्या पंच्याण्णव सभासदांना मिळून सुमारे सहा हजार लोकांच्या सह्या मिळाल्या होत्या, म्हणजे सरासरीने पाहता बहुतेकांनी पन्नासावर न थांबता आणखी काही सह्या गोळा केल्या असल्या पाहिजेत. औंधचे श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी सभेचे पहिले अध्यक्ष झाले. संस्थानिक, सरदार, इनामदार, सावकार, वकील, निवृत्त अंमलदार अशी सभासदांची घडण होती. पुण्यात यापूर्वीही सभा निघाल्या होत्या, १८६७ ची पूना असोसिएशन ही त्यांपैकी अगदी अलीकडची, आणि मुंबईत तर १८५२ पासूनच बॉम्बे असोसिएशन होती. पण तेथे वर्गणी भरली की सभासदत्व मिळे. सार्वजनिक सभेत मात्र सभासदाला आपल्या पाठीशी कोण आहे हे कागदावर दाखवावे लागे. देशात लोकनियुक्त कायदेमंडळ नव्हते, नगरपालिकेत निवडणूक आलेली नव्हती, अशा काळातला हा प्रयोग आहे आणि त्याचे महत्त्व नंतरच्या इतिहासकारांनी मोजले त्यापेक्षा अधिक आहे, असे म्हणण्यास जागा आहे.

या नियमाचा सभेच्या बोलण्याच्या रीतीवर खोल परिणाम झाला. पन्नास जणांच्या वतीने बोलणाऱ्याला स्वतःच्या रागालोभावर भाषण करणे अवघड जाते. त्याला मुद्दा असा मांडावा लागतो की, तो त्या पन्नासांनाही आपला वाटावा आणि ज्याच्यापुढे मांडायचा त्यालाही टाळता येऊ नये. पर्वतीचा वाद हाताळता हाताळता सभेने स्वतःची जी भूमिका ठरवली ती मध्यस्थाची होती. सरकारचा हेतू लोकांना समजावून सांगावा आणि लोकांची गरज सरकारच्या कानी घालावी, असे तिचे दुहेरी उद्दिष्ट होते. मध्यस्थाला दोन्ही बाजूंनी शिव्या खाव्या लागतात, हा व्यवहारातला अनुभव सभेलाही पुढे आला.

१८७१ च्या अखेरीस महादेव गोविंद रानडे न्यायखात्यातील बदलीने पुण्यास आले आणि सभेच्या कामाला वेगळे वळण लागले. ते सरकारी नोकर असल्यामुळे सभेच्या पत्रव्यवहारावर त्यांची सही नसे, पण मसुद्यांमागे त्यांचा हात असे. त्यांनी सभेत जी कार्यपद्धती रुजवली ती थोडक्यात अशी होती की, प्रश्न आला म्हणजे प्रथम पोटसमिती नेमावी, जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती मागवावी, सरकारचेच अहवाल व आकडे काढून पाहावेत, प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्या सर्वांत बळकट रूपात मांडावे आणि मगच त्यास उत्तर द्यावे. न्यायाधीशाला दोन्ही बाजू ऐकण्याची जी सवय लागते तीच त्यांनी राजकारणात आणली, असे म्हणता येईल. अर्जांचा सूर अदबीचा असे, पण त्यांतली मागणी मवाळ असेच असे नाही. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता येतात, हे पुढच्या पिढीच्या फारसे लक्षात राहिले नाही आणि अदबीच्या भाषेलाच ती दुबळेपणा समजू लागली.

१ जानेवारी १८७७ चा दिल्ली दरबार हे याचे उत्तम उदाहरण आहे. व्हिक्टोरिया राणीने हिंदुस्थानची सम्राज्ञी हा किताब धारण केल्याचे जाहीर करण्यासाठी व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी भरवलेल्या या दरबारास सार्वजनिक काका सभेचे प्रतिनिधी म्हणून गेले, ते हातमागाच्या खादीचे कपडे घालून. १८७२ पासूनच त्यांनी स्वदेशी वस्त्राचे व्रत घेतले होते. जरतारी पोशाखांच्या त्या गर्दीत त्यांनी सभेचे मानपत्र सादर केले आणि त्यात राणीच्या अभिनंदनासोबत अशी विनंती केली की, हिंदी प्रजेला राणीच्या ब्रिटिश प्रजेच्या बरोबरीचा राजकीय व सामाजिक दर्जा द्यावा. विनंतीचा एकही शब्द उद्धट नव्हता, पण ती मान्य करायची तर साम्राज्याचा पायाच बदलावा लागला असता.

त्याच वेळी दख्खनमध्ये दुष्काळ होता. १८७६ ते १८७८ या काळातील या दुष्काळात सभेने केलेले काम तिच्या साऱ्या इतिहासात सर्वांत भरीव आहे. सोलापूर, कलादगी अशा होरपळलेल्या भागांतून सभेचे बातमीदार पत्रे पाठवीत. कोणत्या गावात किती लोक गाव सोडून गेले, बाजारात धान्याचा भाव काय, विहिरींना पाणी किती, दुष्काळी कामावर मजुरी किती मिळते व ती वेळेवर मिळते की नाही, असा मजकूर या पत्रांत असे. ही पत्रे एकत्र करून सभा त्यांचे टिपण तयार करी आणि सरकारकडे धाडी, वर्तमानपत्रांनाही देई. दुष्काळी कामावरच्या मजुराला दिवसाला एका पौंड धान्याच्या हिशेबाने मजुरी द्यावी, असे धोरण हिंदुस्थान सरकारचे दुष्काळ-प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांच्या आग्रहाने आले. एक पौंड म्हणजे आजच्या मापाने अर्धा किलोही नव्हे. आणि एवढ्यावर माणसाने दिवसभर खडी फोडावी अशी अपेक्षा होती. तुरुंगातल्या कैद्यालाही याहून बरे खायला मिळते, असे त्या वेळचे टीकाकार म्हणत आणि मद्रास इलाख्याचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनीही या मापावर हरकत घेतली. मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी नवी मजुरी नाकारून कामे सोडली, तेव्हा सभेने त्यांची बाजू सरकारपुढे धरली. येथेही तिने टेंपल यांच्या हेतूवर शिंतोडे उडवले नाहीत. तिने त्यांच्या मापाविरुद्ध आपल्या बातमीदारांची टिपणे ठेवली. सभेने मांडलेल्या बाबी सरकारला तपासाव्या लागत, मग भले तो तपास तिला खोटे पाडण्यासाठी का असेना.

जुलै १८७८ पासून सभेचे इंग्रजी त्रैमासिक निघू लागले. सीताराम हरी चिपळूणकर हे सभेचे चिटणीस या नात्याने त्याची व्यवस्था पाहत. पहिल्या अनेक वर्षांतला सुमारे दोनतृतीयांश मजकूर निनावी असला तरी रानड्यांचा होता, असे मानले जाते. जमीनमहसूल, शेतकऱ्यांचे कर्ज, जंगलकायदे, मीठकर, चलन, स्थानिक स्वराज्य, संस्थानांचा कारभार असे विषय त्यात आले. सोलापूरच्या बाजूस शिक्षक असलेले गणेश व्यंकटेश जोशी (यांची आद्याक्षरे आणि सार्वजनिक काकांची आद्याक्षरे एकच असल्यामुळे अभ्यासकांचा पुष्कळदा घोटाळा होतो) हे या त्रैमासिकाचे दुसरे मोठे लेखक. आकडेवारीवर त्यांचा हात असा बसलेला होता की, पुढे गोपाळ कृष्ण गोखल्यांनी अंदाजपत्रकावरील आपल्या भाषणांची तयारी त्यांच्याच मदतीने केली.

याच दशकात सभेने लवाद न्यायालये काढली. लवाद म्हणजे सरकारी कोर्टाची पायरी न चढता दोन्ही पक्षांनी मान्य केलेल्या माणसांकडून वादाचा निकाल करून घेणे. ही न्यायालये काही वर्षे चालली आणि मग मंदावली. त्यांच्याविषयी याहून अधिक लिहिण्यासारखे फारसे नाही.

१८७९ साल मात्र सभेला कठीण गेले. वासुदेव बळवंत फडके यांचे बंड, मे महिन्यात बुधवार वाडा व विश्रामबाग वाडा यांना लागलेल्या आगी आणि या सगळ्यामागे पुण्याच्या ब्राह्मण पुढाऱ्यांचा हात असावा हा सरकारचा संशय यांनी त्या वर्षी शहर ढवळून निघाले. रानडे आदल्या वर्षीच नाशिकला गेले होते. आता त्यांना धुळ्याला हलवण्यात आले आणि तेथे त्यांची पत्रे फोडून वाचली जात. अशा दिवसांत फडक्यांचे वकीलपत्र घेण्यास सार्वजनिक काका उभे राहिले. सशस्त्र बंड हा मार्ग सभेचा नव्हता, तिचे सारे काम अर्जांवर आणि पुराव्यांवर उभे होते. तरीही बंडखोराला न्यायालयात आपली बाजू मांडता आली पाहिजे, हे काकांना तितकेच मान्य होते. सभेच्या नावावर संशय येईल या भीतीने त्यांनी अंग चोरले असते तर त्यांना कोणी फारसा दोष दिला नसता. २५ जुलै १८८० रोजी काका वारले. त्यांची जागा एका माणसाने भरून काढणे शक्यच नव्हते, आणि ती कोणी भरलीही नाही.

सभेच्या या यशाची दुसरी बाजू पाहिल्याशिवाय तिचा इतिहास पुरा होत नाही. ‘सार्वजनिक’ या नावाखाली नेमके कोण येते, हा प्रश्न तिला त्याच शहरातून, तिच्या हयातीतच, जोतीराव फुले यांनी विचारला. रानडे आणि फुले यांचे संबंध निव्वळ वैराचे नव्हते. सप्टेंबर १८७५ मध्ये दयानंद सरस्वतींची पुण्यात मिरवणूक निघाली तेव्हा सनातन्यांनी गाढवाची प्रतिमिरवणूक काढली व चिखलफेक केली. त्या दिवशी रानडे चिखलाचे शिंतोडे अंगावर घेत मिरवणुकीत चालले आणि फुले आपल्या सत्यशोधक अनुयायांसह मिरवणुकीच्या रक्षणास आले, जरी दयानंदांची वेदनिष्ठा त्यांना मान्य नव्हती. पण १८८५ मध्ये रानड्यांनी मराठी ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण दिले तेव्हा फुल्यांनी ते लेखी नाकारले. ज्यांच्या घरात आमच्या लोकांना माणूस म्हणून हक्क नाहीत त्यांच्या सभांशी आमच्या सभांचा मेळ बसू शकत नाही, असा त्या उत्तराचा आशय होता. त्याच वर्षी त्यांनी ‘इशारा’ ही पुस्तिका लिहून, शेतकऱ्यांची स्थिती पूर्वीपेक्षा सुधारली आहे या रानड्यांच्या मताचा समाचार घेतला. पुढच्या लेखनात त्यांनी सार्वजनिक सभेलाच थेट विचारले की, महार, मांग, शेतकरी यांपैकी किती जण तुमच्यात बसतात.

या प्रश्नाला सभेजवळ उत्तर नव्हते. मुखत्यारपत्राच्या नियमात जातीचा अडसर लिहिलेला नव्हता, पन्नास सह्या आणणाऱ्या कोणालाही दार उघडे होते. परंतु सही करता येणे, सह्या गोळा करण्याइतकी उसंत असणे, इंग्रजी मसुद्यावर चर्चा करता येणे आणि सरदार-इनामदारांच्या शेजारी बैठकीत बसता येणे या अटी न लिहिताच लागू होत्या. दुष्काळातील शेतकऱ्याविषयी सभेने जितके लिहिले तितके त्या काळी फार थोड्यांनी लिहिले असेल, पण तो शेतकरी सभेत साक्षीदार म्हणून आला, सभासद म्हणून आला नाही. फुल्यांची भाषा सभेच्या शिष्टाचारात बसणारी नव्हती, आणि कदाचित म्हणूनच सभेच्या मंडळींना तिच्यातला मुद्दा बाजूला ठेवणे सोपे गेले. सरकारचे म्हणणे बळकटातल्या बळकट रूपात मांडून मग उत्तर देणाऱ्या या संस्थेने फुल्यांच्या म्हणण्याला तोच मान दिला असता तर पुढच्या तीस वर्षांतील महाराष्ट्राच्या राजकारणातला ब्राह्मण-ब्राह्मणेतर वाद थोडा तरी वेगळ्या वाटेने गेला असता का, हा प्रश्न अभ्यासकाला पडल्यावाचून राहत नाही.

१८८५ च्या डिसेंबरात राष्ट्रीय सभेचे, म्हणजे काँग्रेसचे, पहिले अधिवेशन पुण्यात भरायचे होते आणि यजमानपद सार्वजनिक सभेकडे होते. शहरात पटकीची साथ आल्याने ते ऐन वेळी मुंबईस गोकुळदास तेजपाल पाठशाळेत हलवावे लागले. अखिल देशाची संस्था उभी राहिल्यावर प्रांतिक संस्थेचे तेज थोडे कमी होणे साहजिक होते. तरीही तिच्याकडे नवी माणसे येत होती. फर्ग्युसन महाविद्यालयातील तरुण प्राध्यापक गोखले १८८७ पासून त्रैमासिकाचे काम पाहू लागले आणि १८९० मध्ये सभेचे चिटणीस झाले. बाळ गंगाधर टिळक त्याच सुमारास फर्ग्युसन चालवणाऱ्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले होते. दोघे एकाच संस्थेत शिकवलेले, एकाच शहरात वावरणारे, आणि राजकीय मागण्यांच्या यादीत दोघांत त्या वेळी फारसे अंतर नव्हते.

अंतर होते ते सामाजिक प्रश्नांवर. संमतिवयाचा कायदा, म्हणजे मुलीच्या शरीरसंबंधास कायद्याने मान्य असलेले किमान वय दहावरून बारा करणारा कायदा, १८९१ च्या मार्चमध्ये संमत झाला. रानडे, रा. गो. भांडारकर, गो. ग. आगरकर आणि गोखले हे सुधारक कायद्याच्या बाजूने होते. टिळकांचा विरोध परक्या सरकारने धर्माच्या बाबतीत हात घालण्याला होता. हा भेद नीट समजून घेतला पाहिजे, कारण मुलींचे लग्न सोळा वर्षांच्या आत करू नये अशी सूचना टिळकांनीच १८९० मध्ये सुधारकांपुढे ठेवली होती, मात्र ती पाळण्याचे बंधन सुधारकांनी आधी स्वतःवर घालून घ्यावे, अशी त्यांची अट होती. येथे चर्चेला खरोखर जागा होती. कायदा आधी की लोकमत आधी, आणि कायदा करणारे सरकार आपले नसेल तर काय, या प्रश्नांवर दोन्ही पक्षांजवळ विचार करण्याजोगे म्हणणे होते. प्रत्यक्षात सुधारकांनी पुण्यात बोलावलेली सभा गोंधळ घालून उधळण्यात आली, आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा निघाली, आणि दोन्ही बाजूंच्या वर्तमानपत्रांनी एकमेकांचे वाभाडे काढले. याच काळात पंचहौद मिशनमधील चहाचे प्रकरण घडले. १८९० च्या ऑक्टोबरात मिशनमध्ये एका कार्यक्रमानंतर चहा दिला गेला, काहींनी तो घेतला, आणि हजर असलेल्यांची नावे छापून आल्यावर ग्रामण्य उभे राहिले. ग्रामण्य म्हणजे जातीच्या पंचायतीपुढे चालणारा बहिष्काराचा वाद. आरोपींत रानडेही होते आणि टिळकही. शंकराचार्यांनी नेमलेल्या पंचांपुढे प्रकरण चालले, टिळकांनी काशीस घेतलेल्या प्रायश्चित्ताचा आधार दिला, आणि रानड्यांनी आप्तमित्रांची अडचण सोडवण्यासाठी प्रायश्चित्त घेऊन सुधारकांचा रोष ओढवून घेतला. एका कपातल्या चहाने दोन्ही पक्षांच्या पुढाऱ्यांना एकाच पिंजऱ्यात उभे केले, हे त्या काळच्या पुण्याचे मोठे मासलेवाईक चित्र आहे.

सार्वजनिक सभा या वादांपासून बाहेर ठेवावी, असा रानड्यांचा प्रयत्न होता आणि काही काळ तो साधलाही. सामाजिक प्रश्न सभेच्या कामात आणायचे नाहीत, असा तिचा संकेत होता. हा संकेतच तिचे बळ होता, कारण त्यामुळे सनातनी सरदार आणि पुनर्विवाहवादी वकील महसुलाच्या प्रश्नावर एकत्र बसू शकत. पण ज्या वादाने सारे शहर पेटले होते तो हाताळण्याची काहीही रीत सभेने कमावली नाही, हा त्याच संकेताचा परिणाम झाला. गैरहजर माणसाच्या वतीने कसे बोलावे याचे नियम तिच्याजवळ होते. शेजारी बसलेल्या प्रतिस्पर्ध्याबरोबर संस्था कशी चालवावी याचे नव्हते. १८९३ मध्ये रानडे हायकोर्टाचे न्यायाधीश होऊन मुंबईस गेले आणि जी शिस्त संस्थेत आहे असे वाटत होते ती बरीचशी त्या एका माणसात होती, हे दिसून आले.

जून १८९५ मध्ये आगरकर वारले. पुढच्याच महिन्यात सभेची वार्षिक निवडणूक झाली आणि व्यवस्थापक मंडळ टिळकांच्या पक्षाच्या हाती गेले. निवडणूक नियमाप्रमाणे झाली होती आणि टिळकांनी आपल्या बाजूची माणसे सभासद करून बहुमत मिळवले, यात गैर काही नव्हते. मुखत्यारपत्राच्या तत्त्वावर उभ्या असलेल्या संस्थेने बहुमताला नाके मुरडणे शोभलेही नसते. परंतु हरलेल्या पक्षाला आत ठेवण्यासाठी जिंकलेल्या पक्षाने काही केले नाही, आणि हरलेल्यांनीही अल्पमतात राहून काम करण्याची तयारी दाखवली नाही. गोखले काही काळ चिटणीसपदी राहिले आणि मग बाहेर पडले.

त्याच वर्षाच्या अखेरीस सुरेंद्रनाथ बॅनर्जींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अकरावे अधिवेशन पुण्यात भरले. १८८७ पासून काँग्रेसच्या मंडपातच सामाजिक परिषद भरवण्याचा प्रघात रानड्यांनी पाडला होता. पुण्यात टिळकांच्या पक्षाने त्याला हरकत घेतली. काँग्रेसमध्ये आता सामान्य लोक यावेत अशी इच्छा असेल, तर त्यांना न पटणारी सुधारणा त्यांच्याच वर्गणीच्या मंडपात मांडून त्यांना दूर लोटू नये, असा त्यांचा युक्तिवाद होता. या युक्तिवादात वजन होते. त्याबरोबर मंडपाला धोका पोहोचवण्याच्या धमक्याही आल्या, त्यांत मात्र काहीच वजन नव्हते. वाद चिघळू नये म्हणून रानड्यांनी मंडपाचा आग्रह सोडला आणि सामाजिक परिषद वेगळ्या जागी भरवली. अधिवेशन पार पडले. रानड्यांची ही माघार त्यांच्या अनुयायांना आवडली नव्हती.

१८९६ मध्ये रानडे व गोखले यांनी डेक्कन सभा स्थापन केली. तिच्या स्थापनेच्या वेळी रानड्यांनी जे टिपण लिहिले त्यात उदारमत आणि नेमस्तपणा ही दोन तत्त्वे सांगितली. उदारमत म्हणजे वंश व पंथ यांच्या पूर्वग्रहांपासून मोकळे राहून माणसामाणसांत न्याय पाहणे, आणि नेमस्तपणा म्हणजे अशक्य किंवा फार दूरच्या ध्येयामागे न धावता तडजोडीने व न्यायबुद्धीने रोजचे पुढचे पाऊल टाकणे, असा त्यांचा अर्थ होता. ‘नेमस्त’ हा शब्द पुढे विरोधकांच्या तोंडी ‘मवाळ’ होऊन हेटाळणीचा झाला आणि दुसरी बाजू ‘जहाल’ ठरली. या दोन लेबलांमुळे कोणाचे म्हणणे नेमके काय आहे हे ऐकण्याचे श्रम लोकांचे वाचले.

फुटीनंतरची सार्वजनिक सभा निष्क्रिय झाली, असे समजणे चूक ठरेल. १८९६ चा दुष्काळ आला तेव्हा नव्या चालकांनी जे केले ते जुन्या सभेने केले नव्हते. दुष्काळसंहितेतील, म्हणजे दुष्काळात सरकारने काय करावे याच्या सरकारनेच केलेल्या नियमांतील, कलमे मराठीत छापून सभेचे प्रचारक गावोगाव गेले आणि सारासूट मागणे हा तुमचा हक्क आहे, असे शेतकऱ्यांना सांगू लागले. १८७७ च्या सभेने शेतकऱ्याविषयी सरकारला लिहिले होते. १८९६ ची सभा सरकारच्या कायद्याविषयी शेतकऱ्याशी बोलत होती. फुल्यांच्या प्रश्नाला हे पुरे उत्तर नसले तरी त्या दिशेचे ते पाऊल होते, आणि ते सामाजिक सुधारणेला विरोध करणाऱ्या पक्षाने टाकले. सरकारला हे मानवले नाही. मार्च १८९७ मध्ये मुंबई सरकारने असे कळवले की, सार्वजनिक धोरणाच्या प्रश्नांवर सरकारशी पत्रव्यवहार करण्याचा अधिकार असलेली संस्था म्हणून या सभेला यापुढे मान्यता राहणार नाही. सत्तावीस वर्षे जी मध्यस्थी ती करीत होती तिचे एक टोक अशा रीतीने तुटले.

याच सुमारास गोखले डेक्कन सभेच्या वतीने लंडनला वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यास गेले होते. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या या आयोगापुढे झालेली त्यांची उलटतपासणी म्हणजे सार्वजनिक सभेच्या जुन्या कार्यपद्धतीचीच कसोटी होती, आणि ती त्यांनी उत्तम दिली. तेथे असतानाच पुण्याच्या प्लेगबंदोबस्तात गोऱ्या सैनिकांनी केलेल्या अत्याचारांविषयी मित्रांनी कळवलेली माहिती त्यांनी ‘मँचेस्टर गार्डियन’मधून प्रसिद्ध केली. परत आल्यावर त्यांनी पुरावा मागितला, तेव्हा ज्यांनी कळवले होते ते पुढे यायला तयार होईनात. जे सिद्ध करता येत नाही ते मागे घेतले पाहिजे, या नियमाने गोखल्यांनी जाहीर माफी मागितली. प्लेगबंदोबस्ताचे प्रमुख अधिकारी रँड यांचा खून होऊन महिना-दीड महिनाच झाला होता, टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला होता आणि पुढे त्यांना दीड वर्षाची शिक्षा झाली. अशा वेळी ही माफी पुण्यातील पुष्कळांना शरणागती वाटली आणि गोखल्यांना तिची किंमत अनेक वर्षे मोजावी लागली. सार्वजनिक सभेचे सरकार ऐकेना आणि डेक्कन सभेचे शहर ऐकेना, अशी १८९७ च्या अखेरची स्थिती होती.

१६ जानेवारी १९०१ रोजी रानडे वारले. टिळकांनी ‘केसरी’त त्यांच्यावर जो लेख लिहिला त्यात पेशवाईनंतर थंडावलेल्या महाराष्ट्राच्या अंगात ऊब आणण्याचे श्रेय त्यांनी निःसंकोचपणे रानड्यांना दिले. दहा वर्षे ज्यांच्याशी जवळजवळ प्रत्येक प्रश्नावर लेखणी झगडली त्यांच्याविषयी इतके मोकळेपणाने लिहिणारा तो लेख त्या काळच्या मराठी वृत्तपत्रीय लेखनात उठून दिसतो. तो प्रसिद्ध झाल्यावरही पुण्यात दोन सभा दोनच राहिल्या.